काकाजींच्या गाडीची चेन

यांना ऐकू येईनासं झालंय हे सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं, असं मी बरीच वर्षं समजत होते. नंतर कळलं की त्यांना ते माझ्याही दोन-तीन वर्षं आधीपासून माहीत होतं. ते फक्त बोलले नव्हते. गाडीचं इंजिन सुरू असताना माणूस जोरात बोलतोच, त्यामुळे गॅरेजात कुणाला काही कळलं नाही. घरी मात्र ते जेवताना माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर नवरा असा बघायला लागला तर बाईला काय वाटेल? मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू.

आमचं गॅरेज बालाघाटात, गोंदिया रोडच्या कडेला. वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा, मागे आमच्या दोन खोल्या. गाड्यांचं इंजिनकाम हेच यांचं मुख्य काम होतं आणि त्यात त्यांचं नाव होतं. बैहर, बिरसाकडून लोक गाडी घेऊन यायचे.

डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं आवाजात काम केल्यामुळे कानाच्या आतल्या नसा गेल्या. आता यंत्र लावायचं, दुसरा उपाय नाही. यंत्र आणलं. पण गॅरेजात ते लावलं की हातोडीचा ठोका थेट डोक्यात बसायचा आणि माणसाचं बोलणं मात्र तसंच चिखलातून आल्यासारखं. आठ दिवसांत त्यांनी ते डबीत घालून कपाटात ठेवून दिलं.

तेव्हापासून मी गॅरेजात बसायला लागले. माझं माहेर तुमसरकडचं, शिक्षण मराठीत झालेलं. यांना माझे ओठ वाचता यायचे, कारण ते माझं मराठी इतकी वर्षं ऐकत आले होते. गिऱ्हाईक बोलायचं हिंदीत, आणि हिंदी ओठ यांना नीट वाचता येत नव्हते. मग गिऱ्हाईक मला सांगायचं, मी यांच्यासमोर उभी राहून तेच मराठीत सांगायची. लोकांना वाटायचं, बाईच गॅरेज चालवते. यांना ते आवडत नव्हतं, पण ते तसं बोलले नाहीत.

बोलणं सांगणं सोपं होतं. इंजिनाचा आवाज सांगणं कठीण. त्यांनी मला शिकवलं. लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घ्यायचा, त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला. पहिल्या दिवशी मला सगळा एकच गोंगाट ऐकू आला. हळूहळू वेगळं ऐकू यायला लागलं. पाण्याच्या पंपाचं कुरकुरणं, पट्ट्याची चिवचिव, व्हॉल्व्हची टिकटिक. मी हाताने टेबलावर वाजवून दाखवायची आणि ते त्यावरून ओळखायचे. अशी चार वर्षं निघाली. त्या चार वर्षांत आमचं जेवढं बोलणं झालं, तेवढं आधी कधी झालं नव्हतं.

उकव्याचे एक काकाजी आमचं जुनं गिऱ्हाईक. मॅंगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलं बाहेरगावी. त्यांचे आजोबा भंडाऱ्याकडून आलेले, म्हणून आमच्याशी ते आवर्जून मराठीत बोलायचे. लहान पांढरी गाडी होती त्यांची, फार जपायचे. दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, ते गाडी घेऊन आले. म्हणाले, सकाळी पहिल्यांदा सुरू केली की पुढून खडखड येते आणि मग आपोआप थांबते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना मी पेचकस लावला. एखाद्याने डब्यात सुट्टे खिळे हलवावेत तसा आवाज आला, तीन-चार सेकंद, आणि गेला. मी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. यांनी लगेच सांगितलं की टायमिंग चेन ढिली झाली आहे.

ही चेन इंजिनाच्या पुढच्या झाकणाच्या आत असते. खालचा दांडा फिरतो, वरचे व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात, त्या दोघांना एका तालात ठेवायचं काम तिचं. एक दातही इकडचा तिकडे झाला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. चेन ताणून धरायला बाजूला एक टेन्शनर असतो, तो इंजिनातल्या ऑइलच्या दाबाने चेनला दाबून धरतो. हे सगळं मला यांनीच सांगितलेलं.

तीन दिवस त्यांनी ते काम केलं. ऑइल काढलं, पट्टा काढला, पुढचं झाकण उघडलं. जुनी चेन हातात धरून त्यांनी ती कशी लोंबते ते मला दाखवलं. नवी चेन, नवा टेन्शनर. चेनच्या रंगीत कड्या आतल्या दातेरी चाकांवरच्या खुणांना जुळवल्या, मग पान्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहिल्या. एकदा नव्हे, चार वेळा. या कामाला कान लागत नाही, डोळा आणि हात लागतो. त्या तीन दिवसांत त्यांनी मला एकदाही काही ऐकायला सांगितलं नाही, आणि मी त्यांना इतकं खूश बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. जेवताना म्हणाले, "अजून दहा वर्षं करीन मी हे काम."

गाडी सुरू केली तेव्हा खडखड आली. हे म्हणाले की येणारच, नव्या टेन्शनरमध्ये ऑइल भरायला वेळ लागतो, खरी परीक्षा उद्या सकाळी. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेचकस लावून उभी राहिले. यांनी शेजारच्या पोराला चावी फिरवायला बसवलं आणि स्वतः पुढे येऊन, इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

आवाज होता. आधीपेक्षा कमी, पण तोच. दोन सेकंद, आणि गेला.

मी मान हलवून, आवाज नाही म्हणाले.

नाही का म्हणाले, याचा मी खूप विचार केला आहे. आवाज कमी होता, आणखी एक-दोन दिवसांत जाईल असं वाटलं, हे एक कारण. झाकण पुन्हा उघडायचं, म्हणजे तीन दिवसांचं काम पाण्यात, हेही एक. पण खरं म्हणजे मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला मोडायचा नव्हता. मी नाही म्हटल्यावर त्यांनी एक क्षण हात तसाच ठेवला, मग उचलला आणि फडक्याला पुसला. संध्याकाळी काकाजी गाडी घेऊन गेले.

मे महिन्यात एका दुपारी काकाजी पायी गॅरेजात आले. गाडी नव्हती. दाढी वाढलेली, शर्ट मळलेला. ते स्टूलवर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. मग खाली मान घालून हळू आवाजात सांगायला लागले. मान खाली असल्यामुळे यांना काहीच कळत नव्हतं. हे माझ्याकडे बघत होते.

काकाजींची धाकटी बहीण लालबर्ऱ्याला दिलेली. आई लवकर गेली म्हणून काकाजींनीच तिला लहानाची मोठी केलं होतं. आदल्या दिवशी पहाटे ती गेल्याचा फोन आला. काकाजी गाडी घेऊन एकटेच निघाले. घाट उतरताना इंजिनातून एकदम कडकड आवाज झाला आणि गाडी बंद पडली. फोन लागत नव्हता. जंगलात रस्त्याच्या कडेला ते दोन तास उभे राहिले. एका ट्रकवाल्याने बालाघाटपर्यंत आणलं, तिथून बस पकडली. लालबर्ऱ्याच्या लोकांनी त्यांची दुपारपर्यंत वाट पाहिली. पण दिवस उन्हाचे, बाईला किती वेळ ठेवणार. ते पोहोचले तेव्हा चिता पेटली होती.

"तोंड नाही पाह्यलं तिचं," काकाजी म्हणाले.

हे मला म्हणाले, "काय म्हणून राह्यले? सांग ना."

मी समोर उभी राहून सांगितलं. घाटात गाडी बंद पडली. बहिणीच्या मातीला पोहोचता आलं नाही. हे काकाजींच्या समोर जाऊन खाली बसले आणि विचारलं, बंद पडायच्या आधी गाडी काही सांगत होती काय, काही आवाज?

काकाजींनी मान तशीच खाली ठेवून मला सांगितलं, "सकाळी सुरू करते वखती येत होता, बाई. रोज. मले वाटलं, नवीन चेन हाय, बसून राह्यली असंल. तुमच्या घरचं काम हाय म्हणून मी काही घाबरलो नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "लक्षात नाही म्हणतात."

एवढ्या वर्षांत मी त्यांच्यापर्यंत न पोहोचवलेलं हे एकच वाक्य.

गाडी दुसऱ्या दिवशी टोचन लावून आणली. काकाजी रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गाडीची चावी टेबलावर ठेवली, घाई नाही म्हणाले, आणि बसने उकव्याला गेले.

यांनी इंजिन उघडलं. चेन दोन दात सरकली होती. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, काढला तर चार व्हॉल्व्ह वाकलेले. टेन्शनर मात्र अर्धाच बाहेर आला होता. त्याला ऑइल पोहोचवणारं बारीक भोक जुन्या काळ्या गाळाने बुजलं होतं. काम करताना ते दिसलं नव्हतं, आणि झाकण लावल्यावर दिसायचा प्रश्नच नव्हता. ते कळायची एकच खूण होती, सकाळची खडखड. यांनी त्या भोकात तार घातली, गाळ बाहेर आला, तो बोटावर घेऊन ते बराच वेळ बघत बसले.

मला राहवलं नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले, म्हणजे माझे ओठ दिसतील.

"अजी, त्या सकाळी आवाज आलता. मले ऐकू आलता. आन् काकाजींनी पण सांगितलं होतं का रोज येत होता म्हणून. मी तुम्हाले सांगितलं नाही."

त्यांनी बोट फडक्याला पुसलं. मला वाटलं त्यांना समजलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं.

"त्या दिवशी हात ठेवला होता म्या झाकणावर," ते म्हणाले. "हाताले लागलं होतं. तू नाही म्हणाली, म्हणून म्या हाताचं ऐकलं नाही."

मी म्हटलं, "तुमच्या तोंडाकडे पाहून नाही म्हणाली मी."

"हौ," ते म्हणाले, आणि टेन्शनर पुसायला घेतला.

ते भांडले नाहीत. मी दोन-तीन दिवस भांडणाची वाट पाहिली. त्यांनी इंजिन पुन्हा बांधलं. गाडी सुरू करायच्या सकाळी मी सवयीने पेचकस घेऊन पुढे गेले, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. बस स्टँडकडचा एक मिस्त्री त्यांनी बोलावून ठेवला होता. त्याने सलग तीन सकाळी येऊन ऐकलं आणि अंगठा दाखवला. मी मागच्या खोलीच्या दारात उभी होते. गाडी स्वच्छ सुरू झाली होती, ते मला तिथूनही ऐकू आलं. मला कुणी विचारलं नाही.

काकाजी भाच्याला घेऊन आले. तोच गाडी चालवणार होता. यांनी हात जोडले. काकाजींनी ते हात धरून खाली केले, आणि मान वर करून, सावकाश, यांना वाचता येईल असं बोलले, "तुमचा काही कसूर नाही. होते असं मशीनचं." मग माझ्याकडे वळून मलाही नमस्कार केला. मीही हात जोडले. खरं त्यांना सांगायला हवं होतं. अजूनही सांगितलेलं नाही. आता ते गाडीत फारसे बसत नाहीत, असं भाच्याने नंतर सांगितलं. बसनेच जातात.

त्यानंतर यांनी इंजिनकाम घेणं बंद केलं. ब्रेक, क्लच, ऑइल बदलणं, चाकाचं काम, एवढंच करतात. डोळ्याने दिसतं आणि हाताला लागतं तेवढं. मुलगी नागपूरला आहे, ती म्हणते, नवीन यंत्रं चांगली आली आहेत, बाबांना घेऊन ये. हे नको म्हणतात. मी अजूनही गॅरेजात बसते, गिऱ्हाइकाचं हिंदी बोलणं यांना सांगते. तेवढं त्यांना लागतं. जेवताना ते आता ताटाकडे बघतात.

गेल्या महिन्यात लालबर्ऱ्याची एक गाडी ब्रेकच्या कामाला आली होती. ती सुरू असताना आतून बेअरिंग घासल्याचा बारीक आवाज येत होता. मी उठले, यांच्यासमोर गेले आणि कुणी न विचारताच सांगितलं, टेबलावर नखाने घासून दाखवलं. त्यांनी माझं बोट पूर्ण थांबेपर्यंत पाहिलं. मान हलवली. मग गाडीवाल्याला हिंदीत सांगितलं की इंजिनमें कुछ आवाज है, वो दूसरी जगह दिखा लेना. आणि चाकाचे नट आवळायला खाली बसले.