पुसणेकर आणि डिस्क शून्य

त्यांचं खरं आडनाव पगारखात्याला ठाऊक असेल. बाकी अख्खं कॉलेज त्यांना पुसणेकर म्हणायचं. दर सुट्टीत कॉलेजातले सगळे कॉम्प्युटर पुसून नव्याने उभे करणं हे त्यांचं काम, आणि ते काम ते इतक्या हौसेने करत, की या गृहस्थांचा जन्मच दुसऱ्यांच्या फायली उडवायला झालाय की काय, अशी शंका यावी.

पूर्वी हे एकेका मशीनपुढे बसून करावं लागे. पुसणेकरांना बसण्याचा भारी कंटाळा. म्हणून त्यांनी एक स्क्रिप्ट, मशीनसाठी आज्ञांची यादीच, लिहिली. सर्व्हरवर एक बटण दाबलं, की सगळी मशीनं नेटवर्कवरून आपोआप जागी होत, स्क्रिप्ट वाचत आणि निमूट कामाला लागत. पहिली आज्ञा अशी: डिस्क शून्य, म्हणजे मशीनला दिसलेली पहिली डिस्क, साफ करा. मग तिची तीन पार्टिशनं पाडा. मशीन सुरू होण्यापुरतं एक चिमुकलं, सिस्टिमसाठी एक ऐसपैस, आणि उरलेलं लोकांच्या सामानाला. मध्ये कुणाला काही विचारायचं नाही. "विचारलं की माणसं विचार करायला लागतात," ते म्हणत, "आणि आपलं काम लटकतं."

विचारत नसले तरी आदल्या दिवशी ते खोलीखोलीत जाऊन दवंडी पिटत. "उद्या पुसणार! ज्याचं काय असेल त्याने उचला!" लोक मान डोलवत आणि काहीही उचलत नसत. दुसऱ्या दिवशी गळे काढत. तेव्हा पुसणेकर मोठ्या समाधानाने सांगत, "मी ओरडून गेलो होतो." चूक स्वतःची असली, तर मात्र वेगळं वाक्य तयार असे: "डिस्कच मेली हो." मेलेल्या डिस्कची चौकशी कोण करतंय?

त्यांची बायको त्याच कॉलेजात वरच्या मजल्यावर चित्रकार होती. कॉलेज शिकवायचं हाडामांसाच्या दुखण्यांवरचे व्यायाम, आणि ती काढायची हात. मुठी, मनगटं, वाकडी बोटं, सुजलेले सांधे. चार वर्षं तिचं हातांच्या व्यायामाचं पुस्तक चाललं होतं आणि पुढच्या आठवड्यात ते छापायला जायचं होतं. चित्रांची आणखी एक कॉपी ठेवू का, असं तिने एकदा विचारलं होतं. पुसणेकर दुखावलेच. "मी जिवंत असताना तुला कॉपी कशाला?"

उलट त्यांनी तिच्या मशीनमध्ये नवीकोरी मोठी डिस्क बसवून दिली, तिची सगळी चित्रं तिकडे हलवली आणि जुन्या डिस्कवरची चित्रांची जागा सवयीने घासूनपुसून लख्ख केली. नव्या डिस्कची वायर आखूड निघाली. ती पहिल्याच खाचेपर्यंत पोचत होती, म्हणून त्यांनी नवी तिथे लावली आणि जुनी दुसऱ्या खाचेत सारली. म्हणजे मशीनच्या लेखी शून्य नंबर आता नवीला मिळाला. हे जगात ज्या एका माणसाला कळायला हवं होतं, तो तेव्हा शीळ घालत पेच आवळत होता.

या सुट्टीतही त्यांनी दवंडी पिटली आणि दुसऱ्या सकाळी बटण दाबलं. दुपारी ते साहेबासारखे मजल्यामजल्यावरून फिरले. बायकोच्या खोलीत पडदा स्वच्छ, नवा. त्यांनी सहज डिस्कांची यादी उघडली. जुनी डिस्क होती तशीच होती. नव्या डिस्कवर मात्र तीन पार्टिशनं, एक चिमुकलं, एक ऐसपैस, एक रिकामं. चित्रं कुठेच नव्हती.

तेवढ्यात ती आलीच. त्यांचा चेहरा बघून थबकली. "काय झालं? डिस्क मेली का?"

त्यांचंच वाक्य तिने त्यांना आयतं हातात दिलं होतं. नुसती मान हलवायची होती.

"नाही," ते म्हणाले. "मी पुसली."

"माझी?"

"तुझी. सगळी."

ती टेबलाच्या कडेवर टेकली. "तुम्ही दवंडी पिटता ना? मला कशी ऐकू आली नाही?"

"तुझ्या खोलीत पिटलीच नाही."

"का?"

"तू घरचीच म्हणून."

"असं होय," ती म्हणाली. "म्हणजे परकी असते तर वाचले असते."

ती ओरडली असती तर त्यांनाही ओरडता आलं असतं. ती ओरडली नाही, त्यामुळे ते मेल्याहून मेले झाले.

नवी पार्टिशनं पाडली तरी डिस्कवरचं सगळंच जात नाही. नवी सिस्टिम जिथे पसरत नाही, तिथलं जुनं खाली पडून राहतं आणि खरवडून काढता येतं, फक्त नावगाव पुसलेलं. त्यांनी खरवडायला घेतलं. एकेक हात पडद्यावर येऊ लागला आणि बायको तो कुठल्या धड्यातला ते सांगू लागली. पुसणेकरांनी बायकोचं काम इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. नखं कुरतडलेला एक हात आला, तेव्हा ते म्हणाले, "ई, हा कुणाचा गं?"

"तुमचा. पेपर वाचताना काढलाय."

त्यांनी पुढचा हात खरवडून काढला.

मनगटं आली, तळवे आले, मुठी आल्या. अंगठे आले नाहीत. अंगठ्यांचा अख्खा धडा सगळ्यांत आधी नव्या डिस्कवर हलवला होता आणि नेमकी त्याच जागी नवी सिस्टिम पाय पसरून बसली होती. पुसणेकरांनी पुन्हा शोधलं, पुन्हा पुन्हा शोधलं. मग हात मांडीत घेऊन बसून राहिले.

"अंगठे गेले," ते म्हणाले. "माझ्यामुळे."

तिने खणातून कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं, खुर्ची ओढली. "करा हात पुढे."

त्यांनी केला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी त्यांच्या नावाने हाका मारत होतं. ते उठले नाहीत.

"हलवू नका."

"मी कुठे हलवतोय?"

"मग हलतोय तो काय माझा आहे?"

पुसणेकरांनी दुसऱ्या हाताने डोळे पुसले. तिने डाव्या हाताने त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि उजव्या हाताने अंगठा काढायला घेतला.