शेवटचं कडवं गायचं नसतं

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. नजर लागणं, अंगात येणं, उतारा... मुलांनी असलं काही विचारलं, की मी फळ्यावर कारणं लिहून दाखवत असे. या ग्रुपवर इतरांचे अनुभव वाचतानाही मी मनातल्या मनात तेच करते. आज स्वतःचा लिहितेय. सावकाश लिहितेय, सांभाळून घ्या.

साल सत्त्याण्णव. महाडमध्ये चवदार तळ्यापासून पायी थोड्या अंतरावर एका चाळीत आम्ही भाड्याने राहत होतो. दोन खोल्या, आतल्या खोलीत लाकडी तुळई, तुळईला लोखंडी कडी आणि कडीला माझ्या जुन्या सुती साडीची झोळी. हे एमआयडीसीत पाळीवर जायचे. मुक्ता आमची पहिली मुलगी.

सासूबाई वरंधच्या वर, डोंगरावरच्या वाडीत राहायच्या. गुरं सोडून सहसा खाली येत नसत, पण मुक्ताच्या बारशाला आल्या. बारशाला ठेवतात तसा, बाळाचा भाऊ म्हणून, त्यांनी वरवंट्याला कुंची घालून मुक्ताशेजारी झोळीत ठेवला आणि गायला लागल्या —

नीज गो बायो नीज, डोंगरी गेलं ऊन
गाया आल्या दारी, वासरं निजली पिऊन...

आवाज फाटका, चाल अगदी साधी. मुक्ता झोपलीच, पण भिंतीला टेकून बसलेले हेही पेंगले.

"बघ, बापावर गेलाय," सासूबाई म्हणाल्या. "तुझा सासरा भांडून घरात यायचा. मी पोराला थोपटाया घेतलं की हा गडी पोराच्या आधी घोरायचा! ही अंगाई काय नुसती पोरांची हाय?"

मला त्यांनी सगळी कडवी शिकवली. शेवटचं मात्र एकदाच, आवाज उतरवून.

"ह्ये गायचं नाय हां. दर खेपेला ह्येच्या आधी थांबायचं. ह्ये गायलं म्हंजे दार लावलं. दार लावलंस तर पोर उठून येईल कुठनं?"

"मग शिकवता कशाला?"

"शिकून ठेव. कधी लागलं नाय तर बरंच हाय."

मुक्ता आठ महिन्यांची असताना तापाचं निमित्त झालं. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

सासूबाई परत आल्या. त्यांच्या वाडीची रीत अशी, की मूल गेलं तर आईने झोळीत वरवंटा निजवायचा, त्याला ती अंगाई शेवटच्या कडव्यासकट गाऊन दाखवायची आणि मग तो उचलून पुन्हा पाट्यावर, कामाला लावायचा. मी नको म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "झोळी तरी सोड गो." मी तीही सोडली नाही.

शाळा सकाळची होती. दुपारी मी झोळीजवळ बसायचे. रिकामा पाळणा हलवू नये, हे मलाही ठाऊक होतं. मी हलवत होते आणि गात होते, शेवटच्या कडव्याच्या आधी थांबत होते.

काही दिवसांनी कडी वाजायला लागली. मुक्ता झोळीत असताना वाजायची तशीच — करकर, करकर. गंज धरला असेल म्हणून मी कडीला तेल घातलं. मग झोळीकडे नीट पाहिलं. रिकामं कापड हलवलं तर फडफडतं आणि लगेच थांबतं. हे थांबत नव्हतं. खाली बाक आला होता. मी तळाशी हात लावला... आणि काढून घेतला. घाबरले का? नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

शेजारी रुक्सानाभाभी राहायच्या. नवरा आखातात, घरात त्या आणि वर्षाची सना. सना म्हणजे अख्ख्या चाळीचा भोंगा.

"टीचर, तुमचं गाणं म्हणजे औषध आहे!" त्या हसत म्हणाल्या. "भिंतीपल्याड तुम्ही सुरू केलं की ही शैतान गपगार. मी पण आडवी झाले न् भात करपला बघा!"

मग सना जास्त वेळ झोपायला लागली. दूध नको, खेळ नको. मार्चमध्ये तळ्यावर गर्दी लोटते, कर्णे लागतात, भाषणं आमच्या खोलीत ऐकू येतात. त्या दिवशी सगळी चाळ दारात उभी होती आणि सना झोपलेली. भाभींनी तिला उचललं तर मान कलंडली. डॉक्टरांनी तपासलं, दोष सापडला नाही.

"टीचर, रागावू नका," भाभी दारातूनच म्हणाल्या. पदर तोंडाशी. "दुपारचं ते... नका ना गाऊ."

मी थांबवलं. गाणं थांबलं, कडी थांबली नाही. भाभींनीही ती ऐकली, त्यांनीच मला विचारलं, "झोळीत कोण आहे?" आणि त्याच वेळेला भिंतीपलीकडे सना झोपायची, अधिक गाढ.

मी एसटीच्या कंडक्टरकडे सासूबाईंना निरोप दिला. त्या आल्या. आधी सनाला पाहून आल्या, मग झोळीसमोर उभ्या राहिल्या.

"दार उघडं ठेवलंस तू. तुझी आत याया बघतेय न् तिची भायेर चाललीय."

"आई, तिला परत घालवायची मी?"

"म्या सांगणार नाय. आई तू हायस."

भिंतीपलीकडे भाभी सनाच्या गालांवर थापट्या मारत होत्या. तो आवाज मी ऐकत राहिले. मग वरवंटा धुतला, पुसला, त्याला मुक्ताची कुंची घातली.

झोळीत ठेवायला गेले तर जागा होईना. कापड आधीच फुगून गोल झालेलं. माझे हात तसेच राहिले. सासूबाई वाकल्या आणि, पोराला म्हणतात तशा हळूच म्हणाल्या, "जरा सरक गो बाय."

जागा झाली.

मी गायले. शेवटचं कडवंही गायले. ते इथे लिहीत नाही, तुमच्यापैकी कुणाच्या घरात लहान मूल असेल. शेवटच्या ओळीत करकर थांबली आणि झोळीचं कापड वरवंट्याला चिकटून सपाट लोंबलं. पलीकडे सनाने टाहो फोडला. "उठली! टीचर, उठली!" भाभी ओरडत होत्या.

सासूबाईंनी कुंची सोडली, वरवंटा माझ्या हातात दिला. "चटणी वाट." मी सुकं खोबरं आणि मिरच्या वाटल्या. संध्याकाळी हे पाळीवरून आल्यावर आम्ही तिघांनी भाकरीबरोबर ती खाल्ली.

सना आता मोठी आहे, खणखणीत बोलते. सासूबाई गेल्या. मी मात्र कारणं लिहीतच असते... दुःखात कान फसवतात, सुती कापड दमट हवेत ताणतं, लहान मुलांची झोप बदलते. प्रत्येक कारण थोडं थोडं पुरतं, सगळ्याला एकही पुरत नाही. झोळीत काही नव्हतं, तर माझ्या हाताला लागलेलं वजन कसलं होतं?

आणि ती होती, तर त्या दुपारी मी तिला निजवलं, की घालवलं?