उघाडीची फळी

कमळबायचा राग उरणच्या बाजाराला पाठ आहे. सुकट घ्यायला आलेल्या एखादीने "जरा वाळू दिसते हो यात" म्हटलं, की कमळ टोपलीवर फडकं टाकते आणि पुढचं दुकान दाखवते. लोक हसतात. पंचावन्न वर्षांची बाई आणि राग कायम नाकावर, म्हणतात. तो कुठून आला, हे मात्र कुणी विचारत नाही.

तिचा बाप तुळशीराम गावच्या उघाडीचा राखणदार होता. खाडीच्या बांधातल्या दगडी दाराला उघाडी म्हणतात. ओहोटीला तिची फळी काढून शेतातलं पावसाचं पाणी सोडून द्यायचं आणि भरतीच्या आत फळी परत बसवायची, एवढंच काम. तुळशीरामने ते वीस वर्षं घड्याळ न बघता केलं. मग एका श्रावणातल्या अमावास्येला, भर दुपारी, उधाणाचं पाणी उघड्या दारातून आत घुसलं. गुडघाभर वाढलेलं भात करपलं आणि पुढची तीन वर्षं त्या जमिनीत दाणा पिकला नाही. आपण फळी बसवली होती, असं तुळशीराम रडून सांगत होता. गावकीने देवळापुढे बसून त्याला वाळीत टाकलं. चौकशी नाही, काही नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी.

वाळीत टाकलेल्याला मिठागराच्या गावात मीठ मिळत नाही. कमळच्या हळदीला ओव्या गायला एक बाई आली नाही. अकरा वर्षांनी तुळशीराम मेला, तेव्हा शेजारच्या गावातून मामाकडचे तीनच पुरुष आले. चौथा खांदा कमळने दिला, पदर खोचून. देवळाच्या पायरीवर बसलेली माणसं बघत होती आणि त्यांत गावातलाच हिरामणही होता. नवरा गेल्यावर कमळ मुद्दाम त्याच गावात, बापाच्याच घरात राहायला आली. ज्यांनी तोंड फिरवलं त्यांना रोज आपलं तोंड दिसलं पाहिजे, असं तिला वाटायचं. ज्या शेतांपायी हे सगळं झालं, ती आता भरावाखाली गेलीत आणि वर कंटेनरांच्या चळती लागल्यात.

यंदाच्या चैत्रात हिरामण तिच्या दारात आला. साठी उलटलेला, एके काळचा ट्रेलर ड्रायव्हर, गावातला नामी दारुडा. दोन वर्षांपूर्वी उरणातल्या एका प्रार्थनासभेत जायला लागला आणि दारू सुटली, हे तिला माहीत होतं. पांढरा शर्ट, चेहऱ्यावर शांती. ओट्यावर बसून त्याने सांगून टाकलं, की त्या दिवशी फळी त्याने काढली होती. चढत्या पाण्याबरोबर जिताडा मासा आत येतो, म्हणून जाळं लावलं, जरा जेवून येतो म्हणून घरी गेला आणि तिथेच झोपला.

"प्रभूनी माना माफ केलाय, कमळबाय," तो म्हणाला. "माजं पाप धुवून गेलं."

कमळ सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती. तिचे हात थांबले. ते धुतलेलं तोंड बघून तिच्या अंगाची लाही लाही झाली. बाप कुजत मेला आणि हा स्वच्छ होऊन आलाय. तिने सुपातले सोडे त्याच्या अंगावर फेकले आणि त्याला हाकलून दिलं.

रविवारी ती टोपली घेऊन थेट सभेत गेली. हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, ढोलकीवर गाणं चाललेलं. सुकटीच्या वासाने दोन-चार माना वळल्या. पुढच्या रांगेत हिरामण डोळे मिटून गात होता. कमळने सगळ्यांदेखत सभा चालवणाऱ्या पास्टर सलिलना विचारलं, "पाप केलं माज्या बापसाशी आनि माफी दिली तुमच्या देवानं. देव मधी कोन?"

गाणं थांबलं. पास्टर तरुण होते, पण डगमगले नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हिरामणने त्यांना 'एक जुनी चूक' एवढंच सांगितलं होतं. तुळशीरामचं नाव ते पहिल्यांदा ऐकत होते. ते म्हणाले, प्रत्येक पाप देवाविरुद्धही असतं, कारण तुळशीरामही देवाचंच लेकरू. त्याचा अपमान झाला तो देवाचाही झाला.

मग त्या वेळी तुमच्या देवाने तोंड का उघडलं नाही, असं कमळने विचारलं. पास्टर म्हणाले, ते मलाही ठाऊक नाही. मग हिरामणकडे वळले.

"क्षमा फुकट मिळते, हिरामणभाऊ. ती कुणाला कमवता येत नाही. पण ती लपायची जागा नव्हे. ज्याचं नाव बुडवलंत, ते आधी गावापुढे वर काढा. मग या गायला."

आता मलाही याला माफ करायला सांगाल, असं कमळ फणकारली. पास्टर म्हणाले, ते मी आज सांगणार नाही.

पुढच्या गावकीच्या बैठकीत, त्याच देवळापुढे, हिरामण उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं, जिताड्यासकट. तुळशीराम निर्दोष होता, हे तीनदा म्हणाला. कमळ खांबाला टेकून ऐकत होती. हे शब्द ऐकायला तिने पस्तीस वर्षं वाट पाहिली होती आणि आता तिला नुसतं रडू फुटत होतं, त्याचाही तिला राग आला.

गाव मात्र पेटलं. याला आधीच देव बाटवायचाय, म्हणे, त्यात हे. टाका वाळीत. कुणी दबक्या आवाजात म्हणालं, आता त्याविरुद्ध कायदा आहे. त्यावर एक म्हातारा म्हणाला, कायदा कागदावर; आपण नुसतं बोलायचं बंद करू. मग सगळे कमळकडे वळले, जणू मोठं दान देत होते. तू सांग, बाय. तू म्हणशील तसं.

कमळने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. तेच म्हातारे, त्याच पायऱ्या. तिच्या बापाच्या वेळी यांनी एक प्रश्न विचारला नव्हता. हिरामणने फळी काढली होती, पण ते मीठ, ती हळद, तो खांदा, हे सगळं यांनी हिरावलं होतं. यांतला एकही आज कबुली द्यायला उठला नव्हता.

"यो तरी उबा ऱ्हायला. तुमी?" ती म्हणाली.

हिरामण हात जोडून रडत होता. ती त्याच्याकडे वळली.

"मी तुला माफ न्हाय केला. कवा करन, म्हाईत न्हाय." मग गावाकडे बोट करून म्हणाली, "पन याला वालीत टाकायचा न्हाय. यो मेला का चार खांदे गावातलेच पायजेत. चवथा न्हाय गावला, तं माना हाक मारा. माना सवय हाय."

आणि टोपली उचलून ती बाजाराला निघाली.