साडूची न पांघरायची घोंगडी

जालना जिल्ह्यात टाकून देण्यासारखी एकही वस्तू शिल्लक राहिलेली नाही, आणि याला सर्वस्वी माझा साडू जबाबदार आहे. ठिबकच्या फुटक्या नळ्या, बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या, जिनिंगच्या दारात उडणारा कापसाचा कचरा, सगळं तो वडीगोद्रीला आपल्या घरी नेतो आणि त्याचं चित्र झालं असं जाहीर करतो. रंग आणि कुंचला मी त्याच्या घरात आजवर पाहिलेला नाही. चहाच्या डब्यात काळी माती आणि साखरेच्या डब्यात तांबडी, त्यामुळे मेहुणी चहा टाकण्याआधी प्रत्येक डब्यात नाक घालून बघते. एकदा त्यानं गच्चीवर लोखंडी पत्रा आडवा टाकला आणि ऐन मे महिन्यात, घर टँकरच्या पाण्यावर चाललेलं असताना, रोज सकाळी त्याला तांब्याभर पाणी घालू लागला. मी हिशेबी माणूस. हे पाणी कुठल्या खात्यात धरायचं, असं विचारलं. "गंज येऊन राह्यलाय, पाव्हणं," उभ्या पिकाकडं बघावं तसा तो पत्र्याकडं बघत म्हणाला, "औंदा बराबर येऊन राह्यलाय." माझा एक बुशशर्ट, जो अजून दोन-तीन वर्षं सहज निघाला असता, त्यानं दोरीवरून उचलला, फळीवर ताणून बसवला आणि खाली 'मध्यमवर्ग' असं लिहिलं. शर्टाचं एवढं दुःख नाही. पण लोक त्याच्यासमोर उभे राहून मान हलवतात आणि मग माझ्याकडं बघतात, हे काही बरं नाही.

त्याचे वडील, म्हणजे तात्या, जन्मभर मेंढरं राखलेले. पोराच्या या उद्योगाकडं ते मेंढराच्या खुरीच्या रोगाकडं बघावं तसे बघत. काळजीनं, पण लांबून. मागं साडूनं तात्यांच्याच मेंढरांची काळी लोकर मागून घेतली, चिंचोक्याची खळ लावली आणि महिनोन् महिने खपून, मधेमधे ठिबकच्या नळ्या आणि पिशव्यांच्या पट्ट्या विणत एक घोंगडी केली. ती इतकी मोठी की तिच्यावर अख्खी गल्ली झोपली असती, आणि इतकी टोचरी की एकालाही झोप लागली नसती. जालन्यातल्या एका प्रदर्शनात ती लागली. पुण्याहून परीक्षक बाई येणार होत्या आणि त्या निवडतील ते एकच काम पुढं पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनाला जाणार होतं. साडू आठवडाभर धड जेवला नव्हता. हॉलमध्ये एकानं छताला मिठाच्या पिशव्या टांगल्या होत्या, एका बाईंनी केसांचं जाळं विणलं होतं, आणि एक पोरगा पडद्यावर स्वतःलाच झोपलेलं दाखवत होता. मला त्यातलं तेवढं एक समजलं.

नेमके त्याच दिवशी साडूच्या भाचीला बघायला कुंभार पिंपळगावचे पाहुणे जालन्यात आले होते. तात्यांनी कधी नव्हे ते मनावर घेतलं आणि पोराचं काम बघू म्हणून सगळ्यांनाच हॉलमध्ये आणलं. मधोमध जमिनीवर घोंगडी अंथरलेली. आमच्या लोकांत अंथरलेल्या घोंगडीचा अर्थ एकच. सगळ्यांनी वहाणा काढल्या आणि मांडी घालून बसले. तात्यांनी पिशवीतला भंडारा मधोमध वाहिला आणि सोयरिकीची बोलणी सुरू झाली. आयोजक धावत आला. बाई जिन्यात आल्यात, यांना आधी उठवा म्हणाला. पण घोंगडीवर टेकलेल्या पाहुण्याला उठवलं की सोयरीक तिथंच मोडते, हे साडूला माहीत होतं आणि मलाही. भाची दाराशी आईच्या आड उभी होती. मुलगा तिला पसंत आहे, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. साडूनं तिच्याकडं बघितलं, मग जिन्याकडं.

"बसू द्या," तो म्हणाला. "आन् चहा सांगा."

बाई आल्या. तात्या त्यांनाही या, टेका, चपला तेवढ्या काढा, असं म्हणाले. एवढ्या मांड्यांखालची कला बाईंना कशी दिसावी? त्यांनी एक फेरी मारली आणि निवड झोपलेल्या पोराची केली. इकडं सोयरीक जमली, आणि जिच्यावर जमली ती घोंगडी पोरीसोबत द्यायची, असं तात्यांनी कुणालाही न विचारता ठरवून टाकलं.

परवा आम्ही दोघं भाचीकडं गेल्तो. घोंगडी अंथरलेली होती. तिच्यावर आता चहाचे डाग पडलेत, एका कोपऱ्यातली नळी उसवलीय. साडू तिच्या काठावर बसला आणि गप्पा मारता मारता बोटांनी नळी आत सारत राहिला. परतताना मी म्हणालो, आता दुसरी कर, त्या परीक्षक बाईंना बोलावू, आम्ही कुणी बसणार नाही.



"दुसरी कशाची करू, पाव्हणं?" तो म्हणाला. "चाराईला रान न्हाई राह्यलं कुठं. तात्यानं मेंढरं इकली सारी."