पायपीट साहेब

साहेबांच्या केबिनमधल्या कपाटात, फायलींच्या खालच्या खणात, कॅनव्हासचे बूट असत. घरांची, जमिनीची कुठलीही फाईल आली की ते बूट चढवायचे, जागेवर जायचे आणि मगच सही करायचे. आम्ही कारकून पाठीमागे त्यांना पायपीट साहेब म्हणायचो. तलाठी म्हणून लागलेला माणूस बढत्या घेत उपजिल्हाधिकारी झाला, पण चाल तलाठ्याचीच राहिली.

फायलीवर ‘चर्चा करावी’ असं त्यांनी कधी लिहिलं नाही. म्हणायचे, "हो लिहा, नाहीतर नाही लिहा. मधल्यामध्ये माणूस मरतो."

मी नवी बी.कॉम. होते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, हे मी कोणी न विचारताही सांगायची. साहेबांनाही सांगितलं. "छान," ते म्हणाले, "मग टिपणी अशी लिहा, की आईला वाचून दाखवली तर तिला कळेल."

घाटकोपरच्या डोंगरउतारावरची धोक्याची घरं पावसाळ्याआधी रिकामी करायची होती. यादी माझ्याकडे आली. त्याच उतारावर आमचं घर. कोकणातून आलेल्या बाबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. मी आमच्या ओळीतली सगळी घरं लिहिली. आमचं सोडून.

साहेब यादी घेऊन चढले, मागे मी. दारं मोजत आमच्या दाराशी थांबले. "हे घर यादीत नाही."

तेवढ्यात आई बाहेर आली. "अगो, तू? आज लवकर सुटलीस?"

साहेबांना कळलं. आत जाऊन पाणी प्यायले, मागची भिंत पाहिली. भेगेत बोट जात होतं. बाहेर येऊन त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"साहेब, बाबा नाही हलणार हो."

"शेजारचे हसत हलणार आहेत का? त्यांची मुलगी आपल्या कचेरीत नाही, एवढंच."

मी आमचा नंबर लिहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला लेखी समज दिली. ती माझ्या सेवापुस्तकात आहे, आणि ती योग्यच आहे.

बाबा भडकले. "घर मी बांधलंय. तू कोण माका भायर काढणारी?" घराच्या बदल्यात मिळालेल्या मुलुंडच्या खोलीत गेल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. निरोप आईकडून यायचे. उतार त्या पावसात कोसळला नाही, पुढच्याही नाही. मी साहेबांना तसं म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पडला नाही म्हणून वाईट वाटतंय का?"

निवृत्तीनंतर पार्ल्याची त्यांची इमारत धोकादायक ठरली. बाकीचे भाडेकरू भांडत बसले. साहेबांनी सगळ्यांत आधी किल्ली दिली आणि चेंबूरला भाड्याच्या खोलीत गेले. नवी इमारत जोत्याच्या वर आलीच नाही. गेल्या वर्षी साहेब त्या भाड्याच्या खोलीतच वारले.

मी त्यांच्या घरच्यांना भेटायला निघाले, तर बाबा न बोलता चपला घालून उभे. तिथे साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "शेवटी शेवटी रोज विचारायचे, पार्ल्याला कधी जायचं?" बाबा मान खाली घालून बसले होते.

परतताना रिक्षात इतक्या वर्षांनी ते माझ्याशी बोलले.

"म्हणजे तेंकाय परत जावक नाय गावला?"

"नाही, बाबा."

 मग म्हणाले, "मग तुझ्यावर राग धरून मी काय करतलंय?"