पाटलीणबाईंचं पिस्तूल

माझा स्वभाव तापट. कामात कोणी मधे बोललं की डोकं फिरतं. कारंज्यात माझ्या दुकानात कुलपं, कंदील, शिवणयंत्रं यायची. हत्यारं दुरुस्तीला यायची ती अब्बांच्या हयातीत. ते गेल्यावर दोन वर्षांत एकानंही माझ्यावर भरोसा टाकला नव्हता. पहिलं पिस्तूल आणलं ते आसेगावच्या एका पाटलीणबाईंनी.

ते त्यांच्या नवऱ्याचं. तो वारल्यावर बाईंनी ते त्याच्याच लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळून पेटीत ठेवलं. मायेनं ठेवलं, मफलर धुतलासुद्धा नाही. त्यातल्या घामाच्या खारानं एका पावसाळ्यात लोखंड खाल्लं. आता मंगरूळच्या कचेरीतले साहेब म्हणत होते, परवाना तुमच्या नावावर करतो, पण सोमवारी हत्यार नीट राखलेलं दिसलं पाहिजे; नाहीतर दिराचा अर्ज आलेलाच आहे. आणि दीर गावभर सांगत फिरत होता, बाईच्या हाती पिस्तूल सडलं, तशी शेतीही सडणार.

"पिस्तूल त्याच्या हाती गेलं का वावरातले सालदारबी त्याचंच ऐकतीन," बाई म्हणाल्या. "मंग मले माह्याच घरात इचारून जेवा लागन, मिस्तरी."

"रविवारी घेऊन जा," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो.

गंज घासून काढायला अक्कल लागत नाही. पण घासलेलं लोखंड उघडं पडतं आणि चार दिवसांत पुन्हा गंजतं. त्याचा टिकाऊ काळा रंग वरून लावता येत नाही, त्याच्या गंजातूनच काढावा लागतो. लोखंड चुन्यानं स्वच्छ करायचं, नवसागराचं पाणी फडक्यानं लावायचं आणि रांजणाच्या ओलीत टांगायचं. बारीक तांबडा गंज चढला की पावसाच्या साठवलेल्या पाण्यात उकळायचं. तांबड्याचं काळं होतं. मऊ तारेच्या ब्रशनं हलकं झाडायचं आणि पुन्हा गंजवायचं. असं सहा वेळा. अब्बा हे बाहेर कोणाला सांगत नसत. मीही बाईंना सांगितलं नाही, आणि तिथंच चुकलो.

शुक्रवारी सहाव्यांदा गंज चढत होता. पिस्तूल रांजणावर टांगलेलं, विटेसारखं लाल. नेमका तेव्हा दीर दुकानात शिरला. वर बघितलं आणि त्याच्या तोंडावर असं समाधान पसरलं की एक ठेवून द्यावीशी वाटली.

"मिस्तरी, जंग काढाले देल्लं होतं का चढवाले?"

"काम चालू हाय. वाट धरा," मी म्हणालो. दोन शब्दांत समजावलं असतं तर माझी जीभ काही झिजणार नव्हती.

शनिवारी सकाळी त्याची दमणी, बैलांची हलकी गाडी, माझ्या दारात उभी. बाईंना तर त्यानं आणलंच होतं, वर गावचे दोन पंचही बसवून आणले होते, म्हणजे सोमवारी कचेरीत साक्ष द्यायला कामी येतील. "पाहा वहिनी. म्या पयलेच म्हतलं होतं."

बाईंनी पाहिलं. उंबऱ्यावर मटकन बसल्या. शेवटची उकळी बिघडली असती तर पुन्हा करायला वेळ नव्हता, आणि ती आता चार माणसांच्या देखत करायची होती.

"बाई, पाणी उकळेपर्यंत बसा," मी म्हणालो.

चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या सारल्या. पाणी खदखदायला लागल्यावर पिस्तूल तारेनं आत सोडलं. थोड्या वेळानं वर उचललं तेव्हा लाल कुठंच नव्हतं. ब्रश फिरवला, तेलाचं बोट फिरवलं, आणि नळी काळीशार, जांभळ्या झाकेची निघाली. घोड्यापासून चापापर्यंत एक डाग नाही. मोठा पंच वाकून बघत म्हणाला, "लय झ्याक झालं, बुवा." मला तिथंच नाचावंसं वाटलं. अब्बांच्या हातूनही याहून चांगलं निघालं नसतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

बाईंनी पिस्तूल दोन्ही हातांत घेतलं. डोळे भरून आले होते, पण आवाज पाटलिणीचा होता.

"भाऊजी, आता गाडी मंगरूळले घ्या. सोमवारची वाट कायले पाह्याची? पंच तं संगं हायेतच."

दिरानं कासरा हातात घेतला. बाई मागं बसल्या, पिस्तूल मी दिलेल्या तेलाच्या फडक्यात, आणि तो मफलर त्यांच्या खांद्यावर. मी दुकान उघडं टाकून बाजारभर हिंडलो आणि जो भेटेल त्याला नवसागराची सगळी कृती सांगून टाकली. अब्बांनी मला माफ करावं.

परवाना त्याच दिवशी बाईंच्या नावावर झाला. हत्यार उत्तम राखलेलं आहे, या कागदावर अंगठे उमटले ते दिरानं आणलेल्या त्याच दोन पंचांचे.