साडूंचं संशोधन

संशोधनावर आमच्या साडूंइतकी श्रद्धा असलेला माणूस उभ्या ऑकलंडमध्ये सापडणार नाही, आणि त्या श्रद्धेपायी घरच्यांना इतकं रडवलेलाही. ईस्ट टामाकीतल्या बिस्किटांच्या कारखान्यात ते दर्जा तपासतात. दर तासाला एक पुडा फोडायचा, बिस्किटं मापायची. घरी आल्यावरही हात थांबत नाहीत. पट्टी घेऊन ते मेहुणीच्या पोळ्यांचा व्यास मोजत. ती बिचारी आता पोळ्या विकतच आणते.

त्यांची मुलगी ईशा मेडिकलला जायचं म्हणत होती. तेवढ्यात साडूंच्या अमेरिकेतल्या बहिणीने फोनवर सांगितलं, संशोधनाशिवाय तिकडे डॉक्टरकीला कुणी दारात उभं करत नाही. झालं! इथे मार्क, प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत बघतात, हे ईशाने शंभरदा सांगितलं. "बाबा, दे डोन्ट ईव्हन आस्क फॉर इट!"

"असं वरवर म्हणतात गं. आतून सगळं बघतात."

विषयही त्यांनीच ठरवला: गोड खाण्याआधीचं आणि नंतरचं ब्लडप्रेशर. दर शनिवारी सँडरिंगहॅमच्या एका मिठाईच्या दुकानाबाहेर बापलेक खुर्च्या टाकून बसत. साडू दंडाला पट्टा बांधत, ईशा वहीत आकडे लिही. शेवटी दुकानदाराने हात जोडले, "साहेब, आकडा ऐकून गिऱ्हाईक जिलबी न घेताच घरी जातंय!" मग साडू शनिवारी देवळात आणि मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेपाशी बसू लागले. माझाच दंड बावीस वेळा आवळला गेला असेल. पण पोरीला अभ्यासाला सोडा, असं म्हणायला माझी जीभ काही रेटली नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतर मिळणारी मेडिकल-प्रवेशाची संधी थोडक्या मार्कांनी हुकली. "डेटा कमी पडला," म्हणत साडूंनी शनिवारला रविवार जोडला. पदवीनंतरची दुसरी, म्हणजे शेवटची संधी, परवा गेली.

भेटायला गेलो तेव्हा साडू सगळ्या वह्या मांडून बसले होते. "तुम्हीच सांगा, कुठे चुकलं?"

ते त्यांच्याशिवाय घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्यांची फार दया आली, आणि स्वतःची लाज वाटली.

ईशा आतून मशीन घेऊन आली. "बाबा, गिव्ह मी युवर आर्म."

"माझा कशाला?"

"फोर इयर्स, अँड यू आर नॉट इन इट."

पट्टा फुगला, सैल झाला. तिने आकडा बघितला. पुन्हा पट्टा बांधला, पुन्हा बघितला.

"किती?" साडूंनी विचारलं.

तिने मशीन पालथं ठेवलं, वही मिटली आणि त्यांचा हात हातात घेतला. "उद्या आपण डॉक्टरकडे जाऊ, बाबा," ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मराठीत म्हणाली.